चाकं टेकल्यानंतर

बुकित पंजांग, सिंगापूर
९ फेब्रुवारी २०१४

श्रीनिवास मास्तर,

आधी खाली बैस, मग वाच. घाबरण्यासारखं काही झालेलं नाही. पण मी घाबरलेलो आहे आणि ते तुझ्याशिवाय सांगू कुणाला? फोनवर तुला ऐकू येत नाही. मी ओरडून बोललो की शेजारची चिनी म्हातारी दार उघडून बघते आणि शैलेंद्र म्हणतो, "नाना, हळू." म्हणून हे पत्र. अक्षर वेडंवाकडं आहे, सातवीपर्यंतच्या शाळेत आणखी काय मिळणार.

आपली जाई विमान चालवते. शैलेंद्रची मुलगी रे, लहानपणी तुझ्या मांडीवर बसून फुकटची तिकिटं पंच करायची ती. आता अठरा वर्षांची झाली. इथे सेलेतार म्हणून एक छोटा विमानतळ आहे, तिथल्या क्लबात ती दर शनिवारी शिकायला जाते. विमान कसलं, आपल्या एस.टी.च्या टपावर मावेल. मी दिवाळीपासून शैलेंद्रच्या मागे लागलो आहे की हे बंद कर. तो दिवसभर चांगी बिझनेस पार्कात कॉम्प्युटरसमोर बसतो, घरी येऊन पुन्हा कॉम्प्युटर उघडतो आणि म्हणतो, "नाना, इथं सगळं सेफ असतं." सूनबाई, मीनल, काहीच म्हणत नाही. तिची ऑफिसची कामंच संपत नाहीत.

काल ती पहिल्यांदा एकटी वर गेली. शिकवणारे कोह सर खाली उभे, पोरगी वर एकटी. मला आदल्या रात्री कळलं. सकाळपासून मी खिडकीत. आमच्या खिडकीजवळून एक छोटी आगगाडी जाते. घरांजवळ आली की तिच्या काचा आपोआप धुरकट होतात, आतल्यांना आमची घरं दिसू नयेत म्हणून. कालच्या सकाळी वाटलं, मलाही तशाच काचा असत्या तर बरं झालं असतं.

मी तिला एकच सांगून ठेवलं होतं. जाई, चाकं जमिनीला टेकली की दोन्ही हात जोड. भीती सगळी वर, हवेत. हवेतलं मला कळत नाही, पण चाकावरचं कळतं. चाकं टेकली की आपण आपल्या मुलखात आलो. ती इथल्या पोरांसारखी 'ला' लावून, हसून म्हणाली, "ओके ला, नाना." संध्याकाळी आली आणि म्हणाली, "केला हं नमस्कार." तेव्हा कुठे दोन घास गेले.

तुझ्या गुडघ्याचं काय? उलट टपाली कळव.

तुझा ड्रायव्हर,
धोंडिराम जगदाळे


कोरेगाव
२० फेब्रुवारी २०१४

धोंडिराम,

पत्र वाचून मी आख्ख्या आळीला सांगितलं की जगदाळे ड्रायव्हरची नात विमान चालवते. कुणाचा विश्वास बसेना. वाण्याचा म्हातारा म्हणाला, "त्याच्या हातची गाडी केळघर घाटातून वर जायची तीच विमानासारखी हलायची." मी तुझ्या वतीनं त्याच्याशी भांडलो. फार जोर लावला नाही, कारण म्हणतो ते खरं आहे.

पण एक गोष्ट मला कळली नाही. तू नमस्कार कधी करायचास? तुझ्या मागे उभं राहून माझा जन्म गेला, मला माहीत आहे. गाडी फलाटाला लागायची, इंजिन बंद व्हायचं, तू हँडब्रेक ओढायचास, आणि मग स्टिअरिंगला हात लावून कपाळाला. त्याआधी एखादी बाई "ड्रायव्हरभाऊ, मेढा आलं का?" म्हणून कानाशी ओरडली तरी तू मान वळवायचा नाहीस. मग पोरीला चाकं टेकल्या टेकल्या हात जोडायला कसं सांगतोस? विमान काय टेकलं की जागच्या जागी उभं राहतं, तारेवर बसणाऱ्या कावळ्यासारखं? ते पळतच असणार की. पळत्या गाडीत हात कोण सोडतो?

मला काय, मी कंडक्टर. डोक्यात आलं ते लिहिलं. तिलाच विचार.

गुडघा आहे तसाच आहे. तो आता माझ्याबरोबरच रिटायर होणार.

श्रीनिवास


बुकित पंजांग
३ मार्च २०१४

मास्तर,

तुझं पत्र परवा आलं. तू ते लिहिलंस त्यानंतर दोनच दिवसांनी, पत्र वाटेत असताना, ते होऊन गेलं होतं.

जाईला खरचटलंसुद्धा नाही. हे आधी वाच आणि मग पुढचं.

त्या शनिवारी ती फार उशिरा आली आणि न जेवता खोलीत गेली. शैलेंद्र म्हणाला, "विमानाचा टायर गेला, बाकी काही नाही." टायर गेल्यावर माणूस आठवडाभर जेवत नाही का? मला वाटलं, एखादा मुलगा असेल. कॉलेजात कुणी काही बोललं असेल. मी मीनलला तसं सुचवलंही. ती म्हणाली, "नाना, तुम्ही कशाचं काय काढता?" पण म्हणताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

मग तुझं पत्र आलं. वाचलं आणि तसाच उठलो. कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी मला कळलं. तिच्या खोलीत गेलो आणि सरळ विचारलं, "त्या दिवशी हात जोडलेस का?"

ती रडायला लागली.

झालं ते असं. ती एकटीच होती. खाली उतरली ती चांगली उतरली, चाकंही अलगद टेकली. मग तिनं हात जोडले. विमान पळत होतं, तू म्हणालास तसंच. नेमका बाजूनं वारा आला. तो विमानाच्या शेपटीला ढकलतो म्हणे, आणि विमान तोंड फिरवून वाऱ्याकडे जायला बघतं. हाताशी एक दांडा असतो, तो अशा वेळी वाऱ्याच्या बाजूला धरून ठेवायचा असतो. तो मोकळाच होता. ती दचकली आणि तिनं एका पायानं ब्रेक दाबला, जोरात. विमान गर्रकन वळून धावपट्टी सोडून गवतात गेलं. एक दिवा मोडला, एक चाक वाकलं.

"हे सरांना सांगितलंस?" मी विचारलं.

"गस्ट होता म्हणून सांगितलं. खोटं नाही ना ते. होताच वारा."

"आणि हात?"

ती म्हणाली, "नाना, सांगितलं तर काढून टाकतील मला. असं कुणी करतं का? सगळे हसतील."

घरातही तिनं फक्त वाऱ्याचंच सांगितलं आहे. शैलेंद्र म्हणतो, नुसत्या वाऱ्यानं एवढं होत नाही म्हणून आता क्लबात ब्रेक उघडून बघताहेत. त्यांचा एक म्हातारा मलय मेकॅनिक आहे, त्याला रोज विचारणा होते आहे की तू नीट तपासला होतास का. आपल्या डेपोत व्हायचं तेच, मास्तर. गाडी ठोकणारा म्हणायचा, ब्रेक लागला नाही, आणि मरण मेकॅनिकचं.

मी ठरवलं आहे. मी स्वतः जाऊन कोह सरांना सांगणार. इंग्रजी येत नाही, तर हात जोडून दाखवीन. म्हणावं, मी सांगितलं होतं तिला. मग त्यांना काढायचं तर काढू देत. काढलं तर काढलं, पोरगी जिवंत तर राहील. शैलेंद्रला अजून कळलेलं नाही. मला झोप नाही. खाली बाकावर जाऊन बसतो, पुन्हा वर येतो. लिफ्टला वैताग आला असेल.

तुला काय वाटतं, लवकर लिही.

धोंडिराम


कोरेगाव
१३ मार्च २०१४

धोंडू,

आधी देवापुढे साखर ठेवली. पोरगी सुखरूप आहे, बाकी सगळं नंतर.

आता रागावलास तरी लिहितो. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात एक वाक्य आहे, 'काढलं तर काढलं.' तू तिथे खरं सांगायला निघाला आहेस की पोरीला खाली उतरवायला? दिवाळीपासून तुला तिचं विमान बंद करायचं आहे. शैलेंद्र ऐकत नाही. आता आयतं हातात आलं आहे. एकदा बोललास की काम झालं, वर खरं बोलल्याचं पुण्य.

तसं नसेल तर मला दोन शिव्या लिहून पाठव. असेल तर जाऊ नकोस. तिचं तिला बोलू दे. तिनं नाही बोललं तर ते तिचं. आपण दोघं गाडीत होतो तेव्हा तुझ्या हातातलं स्टिअरिंग मी कधी धरलं नाही. बेल मारली, ओरडलो, एकदा तुझी टोपीसुद्धा ओढली, पण स्टिअरिंग नाही.

त्या मेकॅनिकचं मात्र तिच्या कानावर घाल. ते तिला माहीत असलं पाहिजे.

श्रीनिवास


बुकित पंजांग
२४ मार्च २०१४

मास्तर,

शिव्या लिहायला बसलो होतो. दोन दिवस तुझ्यावर चिडून होतो. मग कळलं की चिडलो आहे, म्हणजे लागलं आहे. होय, मला तिला खाली उतरवायचं होतं.

मग मी गेलो नाही. जाईला एवढंच म्हणालो, "मी कुणाला काही सांगणार नाही. पण ब्रेकवाल्या म्हाताऱ्याला रोज विचारताहेत, हे तुला ठाऊक आहे ना?" तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण घरातल्या कुणीतरी ते बोलून दाखवलं, एवढंच झालं. शुक्रवारी रात्री जेवताना म्हणाली, "नाना, उद्या माझ्याबरोबर येता?"

आधी आगगाडी, मग यिशुनहून बस. मी सवयीनं ड्रायव्हरच्या मागे बसलो. चांगला चालवत होता, पण माझं लक्ष नव्हतं. जाईनं पूर्ण वाटेत माझी बाही धरली होती.

कोह सर पन्नाशीचे, बारीक, डोळ्यांवर काळा चष्मा. चहा पाजला, दूध नसलेला. मी जाईला म्हणालो, "सांग त्यांना, चूक माझी. मी शिकवलं हे."

ती म्हणाली, "नाही नाना. हात माझे होते."

आणि मग ती इंग्रजीत बोलली. मला शब्द कळले नाहीत, पण मध्येच तिनं हात जोडून दाखवले, आणि कोह सरांनी चष्मा काढला. बाहेर एक विमान उतरत होतं, तिघंही तिकडे बघत होतो. ते टेकलं, तरी कोह सरांची नजर हटली नाही. ते पळालं, हळू झालं, वळलं, पार जागेवर जाऊन पंखा थांबला, तेव्हा त्यांनी मान इकडे वळवली.

मग त्यांनी मला विचारलं, जाईकरवी, "अंकल, तुम्ही ड्रायव्हर होता?"

"सांग, घाटातली एस.टी."

ते उठले आणि मला बाहेर घेऊन गेले. एका उभ्या विमानात बसवलं. म्हणाले, "वळवा." मी दांडा धरला आणि स्टिअरिंगसारखा एका बाजूला ओढला. पंखांच्या मागच्या फळ्या वरखाली झाल्या. चाक जागचं हललं नाही. मी आणखी जोर केला. सवय, दुसरं काय. कोह सर हसले नाहीत. त्यांनी माझे पाय धरून दोन पॅडलांवर ठेवले. माझे पाय, मास्तर! एवढा मोठा माणूस! मी एकदम मागे ओढायला लागलो, तर जाई म्हणाली, "असू द्या, नाना."

जमिनीवर विमान पायानं वळतं. मला हे माहीतच नव्हतं. ते म्हणाले, आणि जाईनं सांगितलं, "जमिनीवरचं विमान म्हणजे फार वाईट गाडी. हलकं अंग, मोठे पंख, मागे एवढी उंच शेपटी. वेगात असताना शेपटीला वारा मिळतो, ती ऐकते. वेग कमी झाला की ऐकत नाही, आणि एकाच बाजूच्या चाकाचा ब्रेक जास्त दाबला तर फिरून जातं. उतरलं म्हणजे झालं असं वाटतं, तेव्हाच जातं. चांगले चांगले तिथेच फसतात."

मी म्हणालो, "मी तिला नेमकं उलटं सांगितलं."

त्यांनी जाईला काहीतरी विचारलं. ती म्हणाली, "येस सर." मग तिनं मला सांगितलं. तिला काढणार नाहीत. पण एकटी जायचं नाही. पुन्हा पहिल्यापासून त्यांच्याबरोबर उतरणं शिकायचं. ते हो म्हणतील तेव्हा एकटी. आणि घरी सगळं सांगायचं, कारण एकवीस वर्षांची होईपर्यंत वडिलांची सही लागते, ती नव्यानं आणायची. जाण्याआधी ती त्या मलय म्हाताऱ्याकडे गेली. लांबूनच बघितलं मी. तो आधी रागानं बोलला, बराच बोलला. ती उभी होती.

घरी आल्यावर शैलेंद्रला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बस झालं. मी सही करणार नाही." जाई आत निघून गेली. मी काही बोलणार इतक्यात तो म्हणाला, "नाना, तुम्हीच म्हणत होता ना, बंद कर? केलं बंद."

इतके महिने मागत होतो ते मिळालं, मास्तर. आणि परवापासून मला घास गिळवत नाही. आज कॉलेजातून आल्यावरसुद्धा ती "नाना, चहा?" विचारते. एका शब्दानं मला दोष देत नाही. तो दिला असता तर बरं झालं असतं.

मी काय करू?

धोंडिराम


कोरेगाव
४ एप्रिल २०१४

धोंडू,

तुझं पत्र घेऊन मी स्टँडवर जाऊन बसलो. घरात विचार होईना.

सगळ्या नोकरीत मी किती चौकशांना साक्षीला गेलो ते तुला माहीत आहे. ब्रेक, बैलगाडी, कुत्रं, समोरच्याचे लाईट. एकदा एकानं म्हैस लाजली म्हणून गाडी खड्ड्यात गेली असं लिहून दिलं होतं. 'हात माझे होते' हे मी एकाही ड्रायव्हरच्या तोंडून ऐकलं नाही. तुझ्यासुद्धा नाही, आणि तू बरा होतास.

तू काय करायचं ते मला विचारू नकोस. तुला कळलेलं आहे, फक्त तुला भीती वाटते. वाटू दे. मला तुझ्या गाडीत रोज वाटायची, तरी मी बेल मारायचो.

माझ्याकडून डबल बेल.

श्रीनिवास


बुकित पंजांग
शनिवार, १९ एप्रिल २०१४, सकाळ

मास्तर,

सही झाली. कशी झाली ते सांगतो, तेवढाच हाताला उद्योग. आता ती वर आहे, कोह सरांबरोबर. एकटी नाही. तरी.

तुझं पत्र आलं त्या रात्री मी जेवणाच्या टेबलावर म्हणालो, "शैलेंद्र, सही कर."

तो बघतच राहिला. "नाना, दिवाळीपासून तुम्ही काय बोलत होता?"

"ते मी भीतीनं बोलत होतो."

"आणि आता भीती गेली?"

"नाही गेली. वाढली. आता मला माहीत आहे की जमिनीवर आल्यावरसुद्धा जाता येतं. आधी निदान एवढं माहीत नव्हतं."

"मग? तुम्हाला रात्र रात्र झोप नाही तिच्यापायी. मी बघतो ना. तीन तीन वेळा खाली जाता."

मी म्हणालो, "झोप मला येत नाही. ती माझी अडचण आहे. तिच्या डोक्यावर कशाला?"

मग मीनल, जी या विषयावर कधी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "मलाही येत नाही. मी फक्त सांगत नाही." आणि पर्समधून पेन काढून त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं दोघांकडे बघितलं, म्हणाला, "तुम्ही सगळे मिळून मला मारणार," आणि सही केली. जाई उठून आधी आईच्या गळ्यात पडली. मी तसाच भात कालवत बसलो. काहीतरी करायला पाहिजे म्हणून. ताटात पोळी होती.

इथे लोक खिडकीबाहेर आडव्या काठ्यांवर कपडे वाळत घालतात. वारा किती आहे ते मी त्यावरून बघतो. आत्ता समोरच्यांच्या चादरी एका बाजूला ताठ झाल्या आहेत. उठलो तेव्हा नव्हत्या. शैलेंद्र ऑफिसचं काम घेऊन बसला आहे, पण त्याच्या कॉम्प्युटरचा पडदा मघाशी काळा झाला आणि तो अजून तसाच त्याच्याकडे बघतो आहे. मीनल तीच भांडी दुसऱ्यांदा घासते आहे. चादरी आणखी ताठ.

थांबतो. खाली जाऊन येतो.

दुपार

आली. दारातूनच म्हणाली, "भूक लागली, आई."

मी विचारलं, "वारा होता?"

"होता ना. बाजूनं."

"मग?"

"मग काय, थांबेपर्यंत पाय चालू. सर एक शब्द बोलले नाहीत." आणि मग खूश होऊन म्हणाली, "ते न बोलणं म्हणजे चांगलं असतं, नाना."

तिच्यापुढे पिठलं ठेवलं. तीन पोळ्या खाल्ल्या. खाता खाता म्हणाली, "कोह सर विचारत होते, अंकलना एक चक्कर मारायची आहे का? मागच्या सीटवर बसायचं. ते स्वतः चालवतील, फार सांभाळून. बघा, हो म्हणा."

मी म्हणालो, "ते चालवणार असतील तर नको. तुला माणसं बसवायची परवानगी मिळाली की सांग, तेव्हा येईन."

पोरीचा हात पोळीवरच थांबला. शैलेंद्रनं मान वर केली. मीनलही आतून बाहेर आली.

बोलून तर गेलो, मास्तर. ती परवानगी किती दिवसांनी मिळते, हे घरात कुणाला न कळता कसं विचारायचं, एवढं मला उलट टपाली कळव.

तुझा,
धोंडिराम